तेल्याच्या जंतूची प्रोटीन्स कोण वाचणार?

मार्च-एप्रिलमध्ये सोलापुरातल्या कुठल्याही कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जा, स्पायरल बाइंडिंगसाठी पोरांची रांग लागलेली असते. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, बॉटनी, सगळ्यांचे प्रोजेक्ट. विषय कळायला फार चाळावं लागत नाही. कडुनिंबाच्या अर्काचा जंतूंवर परिणाम, तुळशीच्या अर्काचा जंतूंवर परिणाम, अमक्या तलावाच्या पाण्याची तपासणी, मातीतून बॅक्टेरिया वेगळे करणे. पोरं वाईट नाहीत आणि शिकवणारेही वाईट नाहीत, पण गेल्या वर्षीची फाइल मिळवायची, आकडे थोडे इकडचे तिकडे करायचे, व्हायवाला उभं राहायचं, आणि मग ती फाइल कपाटात जाते, कपाट भरलं की रद्दीत. सगळ्यांना माहितीये हे, बोलत कुणी नाही इतकंच.

माझं म्हणणं असंय की ह्या सगळ्या तासांतला थोडा भाग जरी अशा प्रोटीन्सवर लावला ज्यांचं काम काय हे जगात अजून कुणालाच माहिती नाही, म्हणजे डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या जंतूतली वगैरे, तर सोलापूरचा फायदा आहे आणि विज्ञानाचाही. आणि ते फक्त पोरांपुरतं ठेवायचं कारण नाही, रिटायर झालेले केमिस्ट्रीचे सर, पॅथॉलॉजी लॅबमधला टेक्निशियन, सांगोल्याचा डाळिंबवाला, सगळ्यांना त्यात जागा आहे. सिटिझन सायन्स, म्हणजे सामान्य माणसांनी विज्ञानाच्या कामात हात लावणं, म्हटलं की आपल्याकडे नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जाऊन पक्षी मोजणं एवढंच डोळ्यासमोर येतं. तेही हवंच, पण प्रोटीनसारखी डोळ्याला न दिसणारी गोष्टही सामान्य माणूस हाताळू शकतो हे बाहेर होऊन पंधरा-सोळा वर्षं झालीत, आपण त्यात कुठंच नाही.

आधी मुळात माहिती नाही म्हणजे किती माहिती नाही ते बघा. प्रोटीन म्हटलं की जिममधला डबा आठवतो, पण पेशीतली जवळजवळ सगळी कामं, कापणं, जोडणं, वाहून नेणं, निरोप देणं, ही प्रोटीन्सच करतात. माणसाच्या जीनोममध्ये, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएमध्ये, प्रोटीन बनवणारे जीन साधारण २०,००० आहेत. त्यातल्या थोड्यांचाच अभ्यास पुन्हा पुन्हा होतो. कॅन्सरशी संबंध असलेल्या पी-५३ ह्या एकाच प्रोटीनवर हजारो पेपर आहेत आणि शेकडो प्रोटीन्स अशी की ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघितलेलं नाही. २०११ मध्ये काही शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला होता की माणसाच्या प्रोटीन्सवरचं तीन चतुर्थांश संशोधन अजूनही त्या १० टक्के प्रोटीन्सवरच चाललंय जी जीनोम वाचायच्या आधीच माहिती होती. म्हणजे एवढा खर्च करून जीनोम वाचला आणि परत जुन्याच ओळखीच्यांकडे जाऊन बसलो. आणि जे राहिलं ते बिनकामाचं म्हणून राहिलं असंही नाही, २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी फळमाशीतले काम माहिती नसलेले २६० जीन घेतले, एकेकाचं काम बंद पाडून बघितलं, आणि जवळपास पाव जीन असे निघाले की ज्यांच्याशिवाय माशी जगेचना.

बॅक्टेरियातही तेच. २०१६ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने जगायला कमीत कमी किती जीन लागतात हे शोधायला एक बॅक्टेरिया छाटत छाटत ४७३ जीनवर आणला. आता ह्याच्यापेक्षा कमी केलं तर तो नीट जगत नाही, वाढत नाही. त्या ४७३ पैकी १४९ जीनचं नेमकं काम काय ते त्यांनाच सांगता येईना!

असं का होतं? शास्त्रज्ञ आळशी आहेत म्हणून नाही. पीएचडीला पोरगं लागलं की चार-पाच वर्षांत पेपर निघाला पाहिजे, गाइडला ग्रँट मिळाली पाहिजे, ग्रँट देणारा विचारतो की याचा उपयोग काय, आणि ज्या प्रोटीनचं नावसुद्धा ठेवलेलं नाही त्याचा उपयोग काय सांगणार? मग ज्याच्यावर आधीच पाचशे पेपर आहेत त्याच्यावर पाचशे एकावा करणं सेफ. करिअरचा प्रश्न असतो, त्यात कुणाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण ज्याचं करिअर ह्याच्यावर अवलंबून नाही तो माणूस मात्र मोकळा आहे. सिटिझन सायन्सचं सगळ्यात मोठं बळ मला हे वाटतं. लोक फुकट काम करतात हे त्याचं बळ नाही, आणि लोक लै हुशार असतात, शास्त्रज्ञांना दिसत नाही ते त्यांना दिसतं, हेही अर्धंच खरं आहे.

अर्धंच का ते फोल्डिटच्या गोष्टीत कळतं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड बेकर, सेथ कूपर वगैरे मंडळींनी हा कॉम्प्युटर गेम काढला. स्क्रीनवर प्रोटीनची साखळी, ती माउसने ओढायची, वळवायची, नीट बसली की स्कोअर वाढतो. २०११ मध्ये माकडांना एड्ससारखा आजार करणाऱ्या एका व्हायरसचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रोटीन, ज्याची रचना दहा-बारा वर्षं सुटत नव्हती, ते ह्या खेळणाऱ्यांनी तीन आठवड्यांत सोडवलं. पेपरात बातमी आली ती गेमर्सनी शास्त्रज्ञांना हरवलं अशी. प्रत्यक्षात एक्स-रेचा डेटा लॅबमध्ये आधीच काढून ठेवलेला होता, तो उलगडायला सुरुवातीचं एक बऱ्यापैकी मॉडेल लागत होतं, ते खेळणाऱ्यांनी दिलं, मग शास्त्रज्ञांनी पुढचं केलं. म्हणजे दोघांनी मिळून केलं. पुढे २०१९ मध्ये खेळणाऱ्यांनी नव्याने डिझाइन केलेली १४६ प्रोटीन्स लॅबमध्ये बनवून बघितली, त्यातली ५६ खरोखर डिझाइनप्रमाणे घडी होऊन स्थिर राहिली. ह्यातल्या बऱ्याच लोकांनी बारावीनंतर बायोलॉजी बघितलेलं नसेल. पण त्यांना प्रश्न नेमका दिलेला होता, चूक की बरोबर हे लगेच कळत होतं, आणि शेवटी तपासायला लॅब होती. ह्या तिन्हीतलं एक जरी नसतं तर तो नुसता टाइमपास झाला असता.

आता लगेच कुणीतरी म्हणणार की हे सगळं जुनं झालं, एआयने सोडवलं ना ते. बरोबर आहे, अर्धं सोडवलं. गुगलच्या डीपमाइंडच्या अल्फाफोल्ड ह्या एआयने २०२० मध्ये प्रोटीनचा आकार ओळखायची स्पर्धा मारली, २०२२ पर्यंत २० कोटींच्या वर प्रोटीन्सच्या रचनेचे अंदाज फुकट बघायला ठेवले, आणि २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल डेमिस हसाबिस, जॉन जंपर आणि तेच फोल्डिटवाले बेकर यांना मिळालं. पण आकार कळणं आणि काम कळणं ह्यात फरक आहे की हो. २०२३ मध्ये ह्या २० कोटींचे आकारावरून गट पाडून बघितले तर २३ लाखांच्या आसपास गट झाले आणि त्यातल्या ३१ टक्के गटांत एकाही प्रोटीनबद्दल कामाची काही नोंद नव्हती. आकार समोर, रंगीत, फिरवून बघता येतो, आणि करतो काय ते माहिती नाही. उलट मी म्हणेन एआयमुळे सामान्य माणसाला दार उघडलं, कारण पूर्वी ह्या आकारापर्यंत पोचायलाच कोट्यवधींची मशीन लागायची, आता जेवढा मोबाइल रील बघायला पुरतो तेवढा त्यालाही पुरतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ऐऱ्यागैऱ्याने प्रोटीनला कामं चिकटवायला सुरुवात केली तर घोळ होणार. होईलच, पण आत्ता कुठं घोळ नाहीये? नवीन जीनोम वाचला की त्यातल्या जीनना नावं माणूस देत नाही, सॉफ्टवेअर देतं. ते बघतं की हे कशासारखं दिसतंय, आणि त्याचं लेबल उचलून ह्याला लावतं. मूळ लेबल चुकीचं असेल तर ती चूक पुढच्याला, त्याची त्याच्या पुढच्याला. २००९ मध्ये एन्झाइमांची ३७ कुटुंबं घेऊन हे तपासलं होतं, तर मोठ्या ऑटोमॅटिक डेटाबेसमध्ये काही कुटुंबांत चुकीच्या लेबलांचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर निघालं, आणि जिथं माणसं बसून एकेक नोंद तपासतात त्या स्विस-प्रॉटमध्ये मात्र चुका जवळपास नव्हत्याच. म्हणजे माणसाच्या नजरेची गरज आहे आणि नजरा कमी पडताहेत. मग त्या वाढवा. एकच प्रोटीन पाच जणांना वेगवेगळं द्या, पाचातल्या चौघांचं जुळलं तर पुढं पाठवा, नाही जुळलं तर थांबवा. आणि शेवटी त्या माणसाने काय लिहायचं, तर “काम हे आहे” असं लिहायचंच नाही, “हे असू शकेल, कारण हे हे दिसलं” एवढंच.

काम कसं दिसतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं ह्याला लै मोठी डिग्री लागते. युनिप्रॉट म्हणून प्रोटीन्सचा सगळ्यांसाठी खुला डेटाबेस आहे, त्यात कुठल्याही बॅक्टेरियाचं नाव टाका, “अनकॅरॅक्टराइज्ड प्रोटीन” अशा नोंदींची रांग येते. एक उघडायची. त्यातल्या अमिनो आम्लांची साखळी कॉपी करून ब्लास्ट नावाच्या शोधायच्या प्रोग्राममध्ये टाकायची, म्हणजे तशीच साखळी आणखी कुठल्या जिवांत आहे ते कळतं. फक्त एकाच जातीत आहे की सगळ्या खानदानात आहे, ह्यावरूनच निम्मी गोष्ट कळते. मग अल्फाफोल्डचं चित्र बघायचं. गडद निळा भाग म्हणजे अंदाज पक्का, फिकट निळा बरा, पिवळा कच्चा, केशरी म्हणजे भरवसा नको. नवीन माणूस केशरी दिसलं की वाईट समजून सोडून देतो, पण पुष्कळदा तो भाग खरंच सैल असतो, पेशीतही लोंबकळतच असतो, आणि दुसरं कुणी येऊन चिकटलं की मगच आकार घेतो, तेव्हा केशरीसुद्धा लिहून ठेवायचं. मग तो आकार फोल्डसीक नावाच्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये टाकायचा, तिथं साखळी जुळत नसली तरी आकाराने सारखे असणारे सापडतात. आणि शेवटी, माझ्या आवडीचं, बॅक्टेरियाच्या जीनोममध्ये ह्या जीनचे शेजारी कोण ते बघायचं. साखर पेठेतल्या एखाद्या बोळात डावीकडं माग, उजवीकडं माग, समोर सूतवाला, तर मधल्या बंद दारामागचा माणूस काय करत असेल ह्याचा अंदाज आपण बांधतोच ना, तसंच आहे हे, बॅक्टेरियात एका कामाचे जीन पुष्कळदा शेजारी शेजारी असतात. अंदाज चुकू शकतो. पण सॉफ्टवेअरने आंधळेपणाने चिकटवलेल्या लेबलापेक्षा कारणांसकट लिहिलेला चुकीचा अंदाजही बरा, कारण तो खोडता येतो.

बीएस्सीचं पोरगं हे पंधरा दिवसांत शिकतं. इंग्रजी वाचायला लागतं हे खरंय, पण लिहायचं त्याने मराठीत लिहावं, सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू पोराने तेलुगूत बोलून समजून घेतलं तरी चालेल, शेवटच्या चार ओळी इंग्रजीत करायला मदत मिळू शकते.

बरं, प्रोटीन्स कुठली घ्यायची? इथं माझं मत पक्कं आहे, माणसाची घेऊ नका. माणसाच्या मागे जग लागलंय. आपण तेल्या घ्यावा. डाळिंबावरचा तेल्या, ज्याने सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा ह्या पट्ट्यातल्या किती बागा काढायला लावल्या ते इथं कुणाला सांगायला नको. पानावर, फळावर तेलकट डाग, मग काळपट होतो, फळ तडकतं, आणि वाण भगवा असो की कुठला असो व्यापारी हात लावत नाही. हा रोग झॅन्थोमोनास नावाच्या बॅक्टेरियाचा एक प्रकार करतो. ह्या खानदानाकडे एक सुईसारखं यंत्र असतं, तेसुद्धा प्रोटीन्सचंच, त्यातून ते झाडाच्या पेशीत स्वतःची प्रोटीन्स टोचतात आणि झाडाची प्रतिकारशक्ती गप्प करतात. त्यातल्या काहींचा अभ्यास झालाय, आपल्या देशात चांगला झालाय, पण जीनोममध्ये नुसतं “हायपोथेटिकल”, म्हणजे असावं असा अंदाज, पण काम माहिती नाही, असं लिहिलेले जीन अजून भरपूर आहेत.

आणि रोगाच्या जंतूची प्रोटीन्स वाचून रोगच बरा होईल असं कशाला धरायचं, काय निघेल सांगता येत नाही. मिरचीवर ठिपके पाडणारा झॅन्थोमोनास आहे, तेल्याचा भाऊबंदच. त्याच्या एका प्रोटीनवर काही लोक वर्षानुवर्षं काम करत होते, मिरचीच्या रोगावर काम म्हणजे फार कुणी विचारत नाही. २००९ मध्ये कळलं की हे प्रोटीन झाडाच्या डीएनएवर नेमक्या जागी जाऊन बसतं आणि कुठल्या जागी बसणार ते त्याच्या रचनेतच ओळीने लिहिलेलं असतं. मग लोकांनी ती ओळ बदलून हवं त्या जागी बसणारी प्रोटीन्स बनवली, त्यातून टॅलेन हे जीन एडिटिंगचं, म्हणजे जीनमध्ये हवा तो बदल करायचं तंत्र निघालं, आणि २०१५ मध्ये लंडनला ल्युकेमिया झालेल्या एका लहान मुलीला, जिच्यावर बाकी सगळे उपाय थकले होते, ह्या तंत्राने बदललेल्या पेशी दिल्या आणि ती बरी झाली. कुठं मिरचीचे ठिपके आणि कुठं ते. उपयोग काय विचारणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगतो.

शेतकऱ्याचं काम इथं नुसतं नमुना देण्याचं नाही. प्रोटीनचं काम कळतं कधी, तर ते नसलं किंवा बदललं की काय होतं ते बघितल्यावर, आणि बदल बघायला रानासारखी जागा नाही. एकाच बांधावरच्या दोन बागांत एकीकडं तेल्या फळापर्यंत जातो, दुसरीकडं पानावरच थांबतो, मृग बहाराला एक, हस्त बहाराला वेगळंच. शेतकऱ्याला हे तोंडपाठ असतं पण कुठं लिहिलेलं नसतं. तारीख, बहार, वाण, मारलेली औषधं आणि फोटो एवढं जरी नीट जमवलं, तर दोन बागांतला जंतू एकच आहे की वेगळा, वेगळा असेल तर त्याच्यात कुठला जीन आहे आणि कुठला गायब आहे, हे विचारता येतं. फक्त एक सांगतो, उत्साहाच्या भरात तेल्याची फांदी पिशवीत घालून गावभर फिरवू नका, हा रोग कलमांतून, कात्रीतून, पावसाच्या शिंतोड्यांतून पसरतो. नमुना घ्यायला शिकलेला माणूसच पाहिजे, आपण फोटो आणि नोंदी द्यायच्या.

हे सगळं परदेशी डोकं आहे असं वाटत असेल तर तसंही नाही. २००८ मध्ये सीएसआयआर ह्या केंद्राच्या विज्ञान संशोधन परिषदेने, समीर ब्रह्मचारी त्याचे प्रमुख असताना, ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी म्हणून प्रकल्प काढला होता, टीबीसाठी. टीबीच्या जंतूचा जीनोम १९९८ मध्ये वाचून झाला, जीन साधारण ४,०००, पण तेव्हा नेमकं काम फक्त ४० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन्सचं सांगता आलं. मग २०१० च्या सुमाराला देशभरातल्या कॉलेजांतली शेकडो पोरं ऑनलाइन बसली आणि पेपर वाचून वाचून एकेका जीनची माहिती जमवायला लागली. लहान लहान गावांतली पोरं होती त्यात. पुढे त्याचा जोर ओसरला. माझ्या मते असल्या कामात लोक मिळणं अवघड नसतंच, अवघड असतं ते पहिला उत्साह गेल्यावर रोज सकाळी येऊन आलेल्या नोंदी तपासणारा, उत्तरं देणारा पगारी माणूस टिकवणं. आपल्याकडे उद्घाटनाला बजेट असतं, ह्या माणसाला नसतं.

फुकट राबवून घेण्याचा मुद्दा मी टाळणार नाही. विद्यार्थ्यांच्या कामावर दुसऱ्यांची नावं लागतात हे आपल्याकडे नवीन नाही, त्यामुळे पहिल्या दिवशीच लेखी ठरलं पाहिजे की नोंद ज्याने केली त्याचं नाव त्या नोंदीवर राहणार आणि पेपर निघाला तर त्यातही. २०१० मध्ये फोल्डिटचा पेपर नेचर ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात आला तेव्हा लेखकांच्या ओळीत ५७,००० च्या वर खेळणाऱ्यांचा एकत्र उल्लेख होता. तिथं जमतं तर इथं साठ पोरांची नावं घालायला काय अडचण आहे? आणि कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवून दुसऱ्याचं गणित सोडवू देणे, फोल्डिंग अ‍ॅट होम वगैरे, ते चांगलं आहे, २००० पासून चालू आहे, कोविडमध्ये तर त्याचा जोर जगातल्या मोठ्या सुपरकॉम्प्युटरच्या वर गेला होता, पण त्याला मी सहभाग म्हणणार नाही. वीज तुमची, बिल तुमचं, आणि आत काय चाललंय ते तुम्हाला माहिती नाही.

सोलापूरला ह्यासाठी वेगळं काही उभारावं लागत नाही. पुणे हायवेला केगावला अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ आहे, त्याच केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, एकाकडे पोरं आहेत, दुसऱ्याकडे जंतू आणि लॅब. ज्वारीवाल्यांना बरोबर घ्यायचं तर रब्बी ज्वारीचं केंद्रही सोलापुरातच आहे, ज्वारीचा जीनोम २००९ ला वाचून झालाय आणि मालदांडी आपल्या मोहोळची, पण ते दुसऱ्या वर्षी बघू, एकदम सगळं काढलं की काहीच होत नाही. पहिल्या वर्षी जूनमध्ये विषय वाटायच्या आधी तेल्याच्या जंतूच्या हायपोथेटिकल प्रोटीन्सची यादी काढा, साठ-सत्तर बास झाली. प्रत्येक प्रोटीन वेगवेगळ्या कॉलेजातल्या पाच जणांना द्या, एकमेकांना न सांगता. प्रोजेक्टला मार्क अंदाज बरोबर आला म्हणून द्यायचे नाहीत, कारणं नीट लिहिली म्हणून द्यायचे, नाहीतर पोरं उत्तर जुळवायला लागतील, परत तेच आकडे हलवणं. जुळलेल्यांतली दोन-चार लॅबमध्ये तपासायला न्यायची, जीन बंद पाडून जंतू डाळिंबाच्या पानावर सोडायचा, डाग पडतो का बघायचं. बाकीच्या नोंदी सगळ्यांना दिसतील अशा ऑनलाइन ठेवायच्या, आणि ज्याला काहीच सापडलं नाही त्याचीही नोंद काय काय करून बघितलं त्यासकट ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षीचं पोरगं त्याच प्रोटीनवर परत पहिल्यापासून बसणार नाही.